अस्थिमज्जेवर सेल सेपरेटरने प्रक्रिया कशी करावी: प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शन

दात्याच्या कमरेच्या हाडातून काढलेली अस्थिमज्जा शस्त्रक्रियागृहातून प्रयोगशाळेत येते, तेव्हा ती दिसायला साध्या रक्तासारखीच असते. प्रौढ दात्याची बॅग साधारणपणे एक ते दीड लिटरची असते आणि तिच्यात लाल पेशी, रक्तद्रव, चरबीचे थेंब, क्वचित हाडाचे बारीक कण आणि गोठणरोधक द्रव्य मिसळलेले असते. नवे रक्त तयार करणाऱ्या ज्या मूळपेशींसाठी हा सगळा खटाटोप केलेला असतो, त्यांचे प्रमाण केंद्रकयुक्त पेशींमध्ये जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते. सेल सेपरेटरचे काम म्हणजे या मूळपेशी ज्या थरात असतात तो थर वेगळा काढणे आणि रुग्णाला अपायकारक ठरू शकणाऱ्या लाल पेशी व रक्तद्रव मागे ठेवणे.

काम शिकण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असावी. मज्जा दिली जाते त्या दिवसापर्यंत रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी किंवा किरणोपचाराने निकामी केलेली असते, आणि दात्याला पुन्हा भूल देऊन लगेच दुसऱ्यांदा मज्जा काढणे सहसा शक्य नसते. त्यामुळे प्रक्रियेत गेलेल्या पेशी भरून काढण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. यंत्र कितीही चांगले असले तरी प्रत्येक प्रक्रियेत काही पेशी जातातच, म्हणून माझ्या मते या कामातले पहिले कौशल्य यंत्र चालवण्याचे नसून ते कधी चालवू नये हे ओळखण्याचे आहे.

प्रक्रियेची गरज आहे का, हे आधी ठरवा

मूळपेशींवर ए आणि बी हे रक्तगटाचे प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखचिन्हे) नसतात, म्हणूनच दाता आणि रुग्ण यांचा रक्तगट वेगळा असूनही प्रत्यारोपण करता येते. अडचण निर्माण होते ती मूळपेशींसोबत येणाऱ्या लाल पेशींमुळे आणि रक्तद्रवामुळे. रुग्णाचा गट ओ आणि दात्याचा ए असेल, तर रुग्णाच्या शरीरातली ए-विरोधी प्रतिपिंडे दात्याच्या लाल पेशी फोडतात. शेकडो मिलिलिटर लाल पेशी एकदम फुटल्या तर ताप, पाठदुखी, रक्तदाब घसरणे आणि मूत्रपिंडावर ताण असे गंभीर परिणाम होऊ शकतात. याला मोठी विसंगती म्हणतात आणि यात लाल पेशी काढणे आवश्यक ठरते. याच्या उलट दाता ओ आणि रुग्ण ए असेल, तर दात्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडे रुग्णाच्या लाल पेशींवर हल्ला करतात. ही लहान विसंगती होय, आणि तिच्यासाठी बहुतेक वेळा बॅग साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा रक्तद्रव काढून घेतला तरी भागते. दाता ए आणि रुग्ण बी, किंवा याच्या उलट, असेल तर दोन्ही बाजूंनी विसंगती असते. अशा वेळी सेल सेपरेटर विशेष उपयोगी पडतो, कारण मधला थर वेगळा काढताना लाल पेशी आणि रक्तद्रव हे दोन्ही एकाच प्रक्रियेत कमी होतात.

केवळ गट पाहून निर्णय घेऊ नये. मोठ्या विसंगतीत रुग्णाच्या आणि लहान विसंगतीत दात्याच्या प्रतिपिंडांची तीव्रता, म्हणजेच टायटर, तपासलेले असते. ते फार कमी असेल तर काही केंद्रे लाल पेशी न काढता मज्जा सावकाश देणे पसंत करतात. सीमारेषा प्रत्येक केंद्राची वेगळी असते, म्हणून आपल्या केंद्राच्या लेखी कार्यपद्धतीतला आकडाच प्रमाण मानावा. ए-बी-ओ गट जुळत असूनही रुग्णात डी किंवा केल यांसारख्या अन्य प्रतिजनांविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात, त्यामुळे प्रतिपिंड तपासणीचा अहवाल पूर्ण वाचल्याशिवाय ‘प्रक्रिया नको’ असा शेरा मारू नये. याखेरीज मज्जा गोठवून साठवायची असेल, तर आकारमान कमी करण्यासाठीही ही प्रक्रिया करावी लागते.

लहान विसंगतीत रक्तद्रव काढला तरी दात्याच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मज्जेबरोबर जातातच आणि साधारण एक ते दोन आठवड्यांनी त्या नव्याने प्रतिपिंडे तयार करू शकतात. हा धोका प्रयोगशाळेत टाळता येत नाही, तेव्हा वॉर्डातील डॉक्टरांनी त्या काळात हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावे यासाठी विसंगतीचा प्रकार सोबतच्या कागदावर ठळकपणे लिहावा.

यंत्र नेमके काय करते

फिरत्या पात्रात रक्ताचे घटक घनतेप्रमाणे थरांत विभागले जातात. सर्वांत आत रक्तद्रव (घनता सुमारे १.०२५), त्यानंतर प्लेटलेट, मग लिम्फोसाइट, मोनोसाइट व मूळपेशी असलेला एककेंद्रकी पेशींचा थर (सुमारे १.०६ ते १.०८), त्याला लागून ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पांढऱ्या पेशी) आणि सर्वांत बाहेर लाल पेशी (सुमारे १.०९ आणि त्याहून अधिक) अशी रचना होते. लाल पेशी आणि रक्तद्रव यांच्यामधल्या या पातळ फिकट पट्ट्याला बफी कोट म्हणतात. यंत्रातली एक नळी नेमकी या पट्ट्याच्या उंचीवर असते आणि हवा तो भाग संकलन बॅगेत ओढून घेते.

सलग प्रवाहावर चालणारे पहिले सेल सेपरेटर १९६० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आयबीएम कंपनीचे अभियंते जॉर्ज जडसन आणि डॉ. एमिल फ्रायराइख यांच्या सहकार्यातून घडले. जडसन यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता, त्यातून ते या कामाकडे वळले. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. हे यंत्र मुळात जिवंत माणसाच्या शिरेला जोडण्यासाठी बनले, आणि त्यात रक्त सतत वाहते, मिसळते व त्याचे हेमॅटोक्रिट (आकारमानातला लाल पेशींचा टक्का) फारसे बदलत नाही. मज्जेच्या बॅगेत मात्र यातले काहीच आपोआप होत नाही. पेशी तळाशी बसतात, गुठळ्या होतात आणि प्रक्रिया पुढे सरकते तशी बॅगेतली रचना बदलत जाते. नवशिक्यांना येणाऱ्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक या एका फरकातून उद्भवतात.

जुन्या कोब २९९१ यंत्रात मज्जा कड्याच्या आकाराच्या बॅगेत टप्प्याटप्प्याने फिरवली जाते. कोब स्पेक्ट्रा आणि त्यानंतरचे स्पेक्ट्रा ऑप्टिया सलग प्रवाहावर चालतात, तर सेपॅक्स यंत्रात दट्ट्या असलेले फिरते पात्र असते. पुढील वर्णन सलग प्रवाहाच्या यंत्राला धरून केले आहे. बटणांचा क्रम व पडद्यावरचे संदेश निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच शिकावेत.

मज्जा हाती आल्यावर

प्रथम ओळख पडताळावी. बॅगेवरचा दात्याचा क्रमांक, रुग्णाचे नाव व क्रमांक, दोघांचे रक्तगट आणि संकलनाची वेळ ही माहिती मागणीपत्राशी दोन व्यक्तींनी, एकाने मोठ्याने वाचून व दुसऱ्याने कागदावर पाहून, ताडावी. एकापेक्षा अधिक बॅगा आल्या असतील तर प्रत्येकीची पडताळणी स्वतंत्रपणे करावी.

त्यानंतर बॅगेचे वजन करावे. रिकाम्या बॅगेचे वजन वजा करून उरलेल्या ग्रॅमला केंद्राने ठरवलेल्या घनतेने भागले की आकारमान मिळते. निव्वळ वजन १२६० ग्रॅम आणि घनता १.०५ धरली, तर मज्जा १२०० मिलिलिटर भरते. बॅगेवर छापलेल्या रेषांवरून आकारमान ठरवू नये, कारण भरलेली बॅग फुगते आणि त्या रेषा दिशाभूल करतात.

आता बॅग उजेडासमोर धरून नीट पाहावी. वर तरंगणारा पिवळसर थर चरबीचा असतो आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. बॅग हळूच तिरकी केल्यावर काठाला चिकटून मागे राहणारे काळपट तुकडे मात्र गुठळ्या असतात. शस्त्रक्रियागृहातील संकलन संचात ५०० व २०० मायक्रॉनचे गाळण असले तरी गुठळी गाळल्यानंतरही तयार होऊ शकते. अशी मज्जा रक्त चढवण्याच्या संचातील सुमारे २०० मायक्रॉनच्या जाळीतून दुसऱ्या बॅगेत गाळून घ्यावी आणि पहिली बॅग थोड्या सलाइनने धुऊन तेही गाळून मिळवावे. पांढऱ्या पेशी अडवणारे गाळण मात्र चुकूनही वापरू नये, कारण ते मूळपेशीही अडवते.

बहुतेक ठिकाणी मज्जा हेपॅरिनमध्ये गोळा होते. हेपॅरिन रक्त गोठण्याची साखळी रोखते, पण कॅल्शियम बांधून ठेवत नाही, त्यामुळे प्लेटलेट एकमेकांना चिकटण्याचा संभव राहतो. म्हणूनच यंत्रावर घेण्यापूर्वी ठरलेल्या प्रमाणात एसीडी-ए (कॅल्शियम बांधून ठेवणारे सायट्रेटयुक्त गोठणरोधक) मिसळले जाते. प्रक्रिया सुरू झाल्यावर गुठळ्या दिसल्या तर उपाय करणे अवघड जाते, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये.

नमुना घेण्याआधी बॅग किमान दोन-तीन मिनिटे हळुवार वरखाली करून मिसळावी. तळाशी बसलेल्या बॅगेतून घेतलेला नमुना खोटा आकडा देतो आणि पुढचा सारा हिशेब त्यावर उभा राहतो. या नमुन्यातून संपूर्ण रक्तगणना, हेमॅटोक्रिट, सीडी३४ पेशींची (सीडी३४ ही मूळपेशी ओळखण्याची खूण) फ्लो सायटोमेट्री म्हणजे लेझरच्या साहाय्याने मोजणी, पेशींची जिवंतता, रक्तगट आणि जंतुसंवर्धन या तपासण्या पाठवाव्यात. मज्जेतील चरबी आणि केंद्रकयुक्त लाल पेशी स्वयंचलित गणकाला फसवू शकतात, तसेच पेशींची दाटी गणकाच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. म्हणून नमुना ठरावीक पट पातळ करून दोनदा मोजावा. गणक प्रति मायक्रोलिटर आकडा देतो, तर आपल्याला प्रति मिलिलिटर हवा असतो, हे हजारपटीचे रूपांतर कागदावर लिहूनच करावे.

संचाची जोडणी आणि प्राइमिंग

ट्युबिंग संचाचा बॅच क्रमांक व मुदत नोंदवून मगच पाकीट उघडावे. सलाइन आणि एसीडी-ए यांच्या बॅगा जोडून यंत्राची स्वयंतपासणी व प्राइमिंग (नळ्या द्रवाने भरून हवा बाहेर काढणे) पूर्ण होऊ द्यावे. मज्जेची बॅग जोडण्याचे काम शक्यतो नळ्या निर्जंतुकपणे जोडणाऱ्या यंत्राने करावे. टोचणी वापरून जोडायचे असेल तर ते बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करावे. जोडणी झाल्यावर प्रत्येक नळी टोकापासून टोकापर्यंत बोटाने माग काढत तपासावी, कारण बंद राहिलेला एक क्लॅम्प किंवा पिळलेली नळी दाब वाढवून संच फोडू शकते.

इथे एक प्रश्न हमखास उभा राहतो. थरांमधली सीमारेषा स्थिर राहण्यासाठी यंत्राच्या पात्रात लाल पेशींचा किमान साठा लागतो. दाता लहान मूल असेल किंवा मज्जेचे हेमॅटोक्रिट कमी असेल, तर तेवढ्या लाल पेशी बॅगेतच नसतात. अशा वेळी दाता आणि रुग्ण या दोघांनाही चालतील अशा गटाच्या, बहुधा ओ गटाच्या, रक्तपेढीतील लाल पेशी मिसळाव्या लागतात. त्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या आणि विकिरण केलेल्या (किरणांनी उरलेल्या लिम्फोसाइट निष्क्रिय केलेल्या) असल्याच पाहिजेत, अन्यथा तिसऱ्याच व्यक्तीच्या लिम्फोसाइट रुग्णाच्या शरीरात जातील. विकिरण रक्तपेढीच्या पिशवीचे करायचे असते, मज्जेचे कधीही नाही. दोन्ही पिशव्या एकाच टेबलावर असताना हा फरक विसरला जाऊ नये म्हणून रक्तपेढीची पिशवी विकिरण होऊन आल्यावरच खोलीत घ्यावी.

प्रत्यक्ष प्रक्रिया

यंत्र सुरू केल्यावर लगेच संकलन सुरू करू नये. मज्जा पात्रात भरत जाते आणि थर स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात. त्या काळात लाल पेशी आणि रक्तद्रव पुन्हा मज्जेच्या बॅगेतच परतत असतात. खिडकीतून लाल पेशींची वरची कड सरळ आणि न हलणारी दिसू लागली की संकलन सुरू करावे.

यानंतर नजर संकलन नळीच्या रंगावर ठेवावी. यंत्रासोबत मिळणारी रंगपट्टी नळीच्या मागे धरून तुलना करता येते. फार फिकट, पिवळसर प्रवाह म्हणजे मुख्यतः रक्तद्रव व प्लेटलेट येत आहेत आणि मूळपेशी मागे राहत आहेत. गडद लाल प्रवाह म्हणजे ज्या लाल पेशी काढायच्या, त्याच संकलनात येत आहेत. हलका गुलाबी ते फिकट केशरी-लाल रंग योग्य मानावा. नवशिक्यांचा कल बॅग ‘स्वच्छ’ दिसावी याकडे असतो आणि ते प्रवाह फिकट ठेवतात. मूळपेशींचा थर लाल पेशींच्या अगदी लगत असल्याने किंचित लाली पत्करणेच शहाणपणाचे असते. रंग सुधारताना एका वेळी थोडाच बदल करावा आणि त्याचा परिणाम नळीत दिसेपर्यंत थांबावे. उतावीळपणे बटण दाबत राहिले की सीमारेषा एकदा वर तर एकदा खाली अशी हिंदकळत राहते.

संपूर्ण प्रक्रियेत मज्जेची बॅग हाताने किंवा हलवणाऱ्या तबकावर सतत मिसळत राहावी. ती स्थिर राहिली तर आधी तळाच्या दाट लाल पेशी आणि नंतर वरचा पातळ रक्तद्रव यंत्रात जातो, परिणामी नुकतीच स्थिर झालेली सीमारेषा ढळते. नळीतला रंग अकारण बदलू लागला की यंत्राची तक्रार करण्याआधी बॅगेकडे पाहावे.

परतणारा द्रव पुन्हा त्याच बॅगेत मिसळत असल्याने मूळपेशी एका फेरीत पूर्ण निघत नाहीत. समजा, पात्रातून जाणाऱ्या मूळपेशींपैकी निम्म्या पकडल्या जातात आणि बॅग नेहमी नीट मिसळलेली आहे. मग बॅगेच्या आकारमानाइतका द्रव एकदा फिरल्यावर सुमारे ३९ टक्के, तीनदा फिरल्यावर ७८ टक्के, पाचदा ९२ टक्के आणि सहादा ९५ टक्के मूळपेशी मिळतील. हे केवळ समजण्यासाठी केलेले गणित असले तरी पाच-सहा आकारमानांनंतर थांबण्याच्या प्रथेमागचे कारण त्यातून स्पष्ट होते. पुढच्या प्रत्येक फेरीत मूळपेशी नाममात्र वाढतात आणि लाल पेशी मात्र संकलनात भर घालत राहतात.

मध्येच यंत्र बंद पडले तर काय करायचे, हे प्रक्रियेपूर्वी लिहून ठेवलेले असावे. संकलन बॅग आणि मज्जेची बॅग क्लॅम्प करून वेगळ्या कराव्यात, पात्रातला द्रव पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे परत मिळवावा आणि दुसरा संच किंवा हायड्रॉक्सीएथिल स्टार्च घालून लाल पेशी तळाशी बसू देण्याची जुनी पद्धत वापरावी. या पद्धतीला केवळ बॅग, स्टॅंड आणि संयम लागतो, त्यामुळे तिचा सराव यंत्र असलेल्या केंद्रानेही सोडू नये.

हिशेब

प्रक्रियेनंतर संकलन बॅगेचे वजन, नमुना आणि त्याच तपासण्या पुन्हा करायच्या. एक उदाहरण पाहू. रुग्णाचे वजन ६० किलो आहे. सुरुवातीची मज्जा १२०० मिलिलिटर, हेमॅटोक्रिट ३० टक्के, म्हणजे लाल पेशी ३६० मिलिलिटर. केंद्रकयुक्त पेशी प्रति मिलिलिटर २ कोटी, म्हणजे एकूण २४०० कोटी आणि प्रति किलो ४० कोटी. त्यांपैकी ०.९ टक्के सीडी३४ पेशी, म्हणजे २१.६ कोटी आणि प्रति किलो ३६ लाख.

प्रक्रियेनंतर १५० मिलिलिटर बॅग मिळाली आणि तिचे हेमॅटोक्रिट ६ टक्के आले, तर लाल पेशी फक्त ९ मिलिलिटर उरल्या, म्हणजे ९७.५ टक्के निघाल्या. प्रौढांसाठी अनेक केंद्रे शिल्लक विसंगत लाल पेशींची मर्यादा २० ते ३० मिलिलिटर ठेवतात आणि मुलांसाठी ती वजनाच्या प्रमाणात ठरते, त्यामुळे ही बॅग त्या कसोटीला उतरली. आता केंद्रकयुक्त पेशी मोजल्या तर त्या प्रति मिलिलिटर ५.५ कोटी, म्हणजे एकूण ८२५ कोटी, प्रति किलो सुमारे १३.८ कोटी भरतात. प्रक्रिया न केलेल्या अखंड मज्जेसाठी प्रति किलो २० ते ४० कोटी हे नेहमीचे उद्दिष्ट असल्यामुळे इथे नवा तंत्रज्ञ हादरतो. तब्बल ६५ टक्के पेशी गेल्या, असे त्याला वाटते.

गेलेल्या पेशींपैकी बहुतांश परिपक्व ग्रॅन्युलोसाइट असतात. त्या लाल पेशींच्या थराला चिकटून बाहेर पडतात आणि रक्त पुन्हा तयार करण्यात त्यांचा वाटा नसतो. सीडी३४ चा आकडा १९ कोटी आला, तर मूळपेशींपैकी ८८ टक्के हाती लागल्या आहेत आणि प्रति किलो मात्रा सुमारे ३१.७ लाख आहे, जी २० लाखांच्या सामान्य किमान अपेक्षेहून बरीच अधिक आहे. सेल सेपरेटरची कामगिरी एकूण पेशींवरून न जोखता सीडी३४ च्या प्राप्तीवरून जोखावी, आणि डॉक्टरांना अहवाल देताना दोन्ही आकडे हे स्पष्टीकरण जोडूनच द्यावेत.

हे सर्व आकडे हाती येऊन जबाबदार अधिकाऱ्याची स्वाक्षरी होईपर्यंत उरलेली लाल पेशींची बॅग आणि ट्युबिंग संच टाकून देऊ नयेत. सीडी३४ ची प्राप्ती अनपेक्षितपणे कमी आली तर मूळपेशी बहुधा त्या बॅगेतच सापडतात आणि तिच्यावर पुन्हा प्रक्रिया करता येते. कचऱ्यात गेलेल्या बॅगेवर ती करता येत नाही.

लेबल आणि सुपूर्द करणे

अंतिम बॅगेच्या लेबलावर दाता व रुग्ण यांचे क्रमांक, दोघांचे रक्तगट, आकारमान, गोठणरोधक, केलेली प्रक्रिया, तयार झाल्याची व मुदत संपण्याची तारीख-वेळ, तसेच ‘विकिरण करू नये’ आणि ‘पांढऱ्या पेशींचे गाळण वापरू नये’ या सूचना असाव्यात. ताजी मज्जा शक्य तितक्या लवकर, शक्यतो संकलनापासून २४ तासांच्या आत, रुग्णाला दिली जाते. तोपर्यंतचे तापमान केंद्राच्या पद्धतीनुसार ठेवावे. जंतुसंवर्धनाचा अहवाल बहुतेक वेळा मज्जा देऊन झाल्यावर येतो. तो सकारात्मक आला तर जंतूचे नाव आणि प्रतिजैविकांची संवेदनशीलता वॉर्डात त्याच क्षणी फोनवर कळवून नंतर लेखी द्यावी.

प्रक्रियेची नोंदवही मात्र बॅग गेली म्हणून बंद होत नाही. रुग्णाच्या रक्तातील न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस प्रति मायक्रोलिटर ५०० च्या वर राहिले की त्यांतला पहिला दिवस नव्या मज्जेने मूळ धरल्याचा दिवस मानतात, आणि मज्जेच्या प्रत्यारोपणात तो बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. ती तारीख वॉर्डातून मागवून त्याच पानावर सीडी३४ च्या आकड्याशेजारी लिहावी.